सातमुख्या राजा आणि आमचे प्रॉम्प्टर

मी कादंबरी लिहिते हे घरात फक्त दोघींना माहीत होतं. एक माझी मुलगी पिंकी आणि दुसरी आमची म्हैस. दोघींनीही कोणाला सांगितलं नाही. (त्यातही म्हशीचं कौतुक जास्त. पिंकीला गप्प ठेवायला खारे शेंगदाणे लागायचे.)

माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे होती आणि पावसाळ्यात नाला शाळेपेक्षा मोठा व्हायचा. पण वाचायची खोड गेली नाही. पिंकी वडशाला वसतिगृहात राहून शिकते. सुट्टीत येताना ती शाळेच्या ग्रंथालयातून जादूच्या कादंबऱ्या आणते, तिच्या वयाच्या पोरींसाठी लिहिलेल्या. त्या तिच्याआधी मी संपवते. कादंबरीत चौदा वर्षांची पोरगी हवी, दुसऱ्या जगात जायचं दार हवं आणि पहिल्या पानावर नकाशा हवा, एवढंच माझं मागणं. शेवटी "ते सगळं स्वप्न होतं" असं निघालं की ते पुस्तक मी दुसऱ्याच दिवशी पिशवीत कोंबते. तीनशे पानं आपल्याला राक्षसामागे पळवायचं आणि मग सांगायचं, पोरगी झोपली होती! मोठ्या माणसांच्या कादंबऱ्याही दोनेक वाचून पाहिल्या. त्यांत नवराबायको खिडकीतून बाहेर बघत दुःखी होतात. ते मला घरीच बघायला मिळतं. (आमची खिडकी तेवढी लहान आहे.)

म्हणून मी स्वतःच लिहायला घेतलं. दुपारी गोठ्यात, उलट्या घमेल्यावर बसून. गोष्ट अशी: आमच्या तळ्याखाली एक उलटं गाव आहे. शिंगाडे काढायला बुडी मारलेली एक पोरगी तिथे पोचते. तिथला राजा सातमुख्या. सात तोंडं, सात मतं, त्यामुळे एकाही गोष्टीचा निकाल लागत नाही. (हे सुचायला मला ग्रामसभेला एकदाच जावं लागलं.) राजाचा प्रधान म्हणजे दोन शेपट्यांचा बेडूक. कामाची वेळ आली की तो घसा साफ करतो. शिवाय एक झाकणवाली चेटकीण आहे. ती दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलून आतलं नशीब चोरते.

बेडूक कोणावरून घेतला ते मी सांगणार नाही. त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे एवढंच सांगते. चेटकीण म्हणजे त्याची मोठी बहीण, माझी नणंद शेवंताबाई.

त्यामुळे मला सतत दोन भीती असायच्या. हे मी लिहिलंय असं कोणाला कळेल, ही एक. आणि कोणाला कधीच कळणार नाही, ही दुसरी.

वही लपवायला मी गावातली सगळ्यात सुरक्षित जागा निवडली होती: आमच्या ह्यांची नाटकाची पेटी. आमचे हे गावच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या भागातल्या नाटकात पाठांतराचे लाड नसतात. प्रॉम्प्टर पडद्याआडून ओळ सांगतो, नट ती गरजून म्हणतो. होळी झाली की त्या नाटकांच्या वह्या पेटीत जातात आणि दिवाळीपर्यंत पेटीकडे झुरळाशिवाय कोणी जात नाही. दिवाळी झाली की आपली वही काढून घ्यायची, एवढीच अक्कल हवी होती. पण त्या वर्षी धानाच्या मळणीत मी ती अक्कल खळ्यावरच विसरून आले.

मंडळाने वडशाहून नवं नाटक आणलं होतं, "कुंकवाला लागली वाळवी". हाती लिहिलेली वही होती. ती कोणीच वाचली नव्हती. वाचायचीच असती तर प्रॉम्प्टर कशाला ठेवला असता! ह्यांनी ती पेटीत टाकली, माझ्या वहीशेजारी. दोन्ही वह्यांना बियाण्याच्या कॅलेंडरचं सारखंच कव्हर.

पहिल्या तालमीला दुपारी समाजमंदिरात निम्मं गाव जमलं होतं. मी मागे, सुपात लाखोरीची डाळ निवडत बसले. पुढे शेवंताबाई, पाय पसरून. नायक गुलाबभाऊ, वय बावन्न, नाटकात पंचवीस. खलनायक देवाजी. नटी वडशाहून थेट नाटकाच्या दिवशी येणार, म्हणून नायिकेच्या जागी मारोती टेलर, गळ्यातल्या टेपसकट.

ह्यांनी वही उघडली. घसा साफ केला. आणि ओळ सांगितली, "पाण्याखाली अंधार नव्हता, हिरवा उजेड होता."

माझं सूप कलंडलं.

"पाण्याखाली अंधार नव्हताऽऽ!" गुलाबभाऊंनी आभाळाकडे हात केले. "हिरवा उजेड होताऽऽ!" आणि डोळे पुसले. (गुलाबभाऊ कोणत्याही ओळीला रडतात. एकदा ते "चहा आण" म्हणतानाही रडले होते.)

मला वाटलं, आता हे थांबतील. माणूस वाचतो तेव्हा त्याला काही समजतं, असा माझा चौथीपर्यंतचा समज होता. पण वीस वर्षं प्रॉम्प्टिंग केल्यावर अक्षर डोळ्यातून आत जातं आणि तोंडातून बाहेर पडतं. मधे डोक्याचं स्टेशन लागतच नाही. ह्यांनी मारोतीकडे बोट केलं.

"ती पोरगी म्हणाली, मी तुझ्या सातही तोंडांना भीत नाही!" मारोती ओरडला.

देवाजीने स्वतःचं तोंड चाचपलं. "प्रॉम्प्टर, मले तं एकच हाय!"

"लेखकानं सात लिहिले हायेत. तू कायले डोकं लावून राह्यला? पुढं चाल!"

बाकीची सहा तोंडं नाटकाच्या दिवशी कागदाची करू, असं ठरलं आणि गाडी पुढे निघाली. गोष्टीतली वर्णनं, "तो म्हणाला", "तेवढ्यात", सगळं गरजून म्हटलं गेलं. पानाच्या कडेला लिहिलेल्या माझ्या टिपासुद्धा सुटल्या नाहीत.

"पिंकीले विचारणे!" गुलाबभाऊ कोसळले. "बेडकाले दात असतात काऽऽ!"

टाळ्या पडल्या. पोटच्या पोरीचं नाव ह्यांच्या डोळ्यातून आत गेलं आणि तोंडातून बाहेर आलं. ह्यांच्या चेहऱ्यावर ओळख नाही!

"कोनची पिंकी वं?" शेवंताबाईंनी मागे वळून मला विचारलं.

"नाटकातली असंल," मी म्हटलं. मी अंगाने सुपापेक्षा लहान झाले होते.

आणि मग चेटकीण आली. झाकण उचलणारी, हनुवटीवर मस असलेली, "मी काई बोलत नाई" असं म्हणून दोन तास बोलणारी. मी डोळे मिटले. आज माझा संसार संपणार आणि तोही टाळ्यांच्या कडकडाटात! समोरून आवाज आला. शेवंताबाई हसत होत्या. हनुवटीवरच्या मसापर्यंत पाणी आलं होतं डोळ्यांचं.

"अगदी अशीच बाई हाय!" त्या म्हणाल्या. "कुरखेड्यात. माझ्या जावेची माय!"

आपण लेखिका म्हणून किती पाण्यात आहोत ते मला त्या क्षणी समजलं. मी नणंदेचं हुबेहूब चित्र काढलं होतं आणि नणंदेने ते दुसऱ्याच बाईच्या गळ्यात अडकवलं!

शेवटी माझी गोष्ट जिथे अडली होती तिथे गाडी पोचली. "मधल्या तोंडाने जे सांगितलं ते ऐकून ती पोरगी..." आणि खाली, "म्हशीचं दूध काढून येते, मग पुढे."

"म्हशीचं दूध काढून येतेऽऽ! मंग पुढेऽऽ!" मारोती टेलर हुंदका देत खाली बसला.

पुढची पानं कोरी. "मंग? पोरीचं काय झालं?" सगळं समाजमंदिर ओरडलं. ह्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. वीस वर्षांत प्रथमच गाडी डोक्याच्या स्टेशनावर थांबली. ह्यांनी कव्हर पाहिलं, अक्षर पाहिलं आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. मी डाळीतला खडा शोधू लागले. (डाळ खाली सांडलेली होती.)

गुलाबभाऊंनी विचारलं, "प्रॉम्प्टर, हे तुवाच लिहिलं का बे?"

ह्यांनी घसा साफ केला. दोन्ही शेपट्या ताठ झालेल्या मला स्पष्ट दिसल्या. "हो... म्हंजे... थोडंसं."

घरी आल्यावर हे दारातच थांबले. "तूनं लिहिलं?"

"हो."

"मले सांगाले काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं?"

ह्यांनी चपला काढल्या. "बेडूक कोन हाय?"

"बेडूक."

हे जेवून झोपले. पुढचे चार दिवस गाव ह्यांना "लेखकराव" म्हणत होतं आणि हे मान हलवत होते. मला वाटलं, बरंच झालं. कोणाला कळलं नाही. आणि मग दुसऱ्या भीतीने असं घेरलं की तव्यावरची भाकर करपली.

पाचव्या दिवशी तालमीची बातमी ऐकून वडशाहून एका नाटक कंपनीचे मॅनेजर आले. सात तोंडांच्या राजाचं नाटक या भागात कोणाकडेच नाही, तेव्हा यंदा हेच लावू म्हणाले. अंगणात खाटेवर बसून त्यांनी डायरी उघडली. मी दाराआड चुलीजवळ.

"तं लेखकराव, शेवटी पोरगी वर येते का नाई?"

ह्यांनी घसा साफ केला. एकदा. दोनदा. मग दाराकडे कान केला, जशी नटमंडळी ह्यांच्याकडे करतात. मला त्या माणसाची दया आली. (हा माझा जुना दोष.)

मी हळूच म्हटलं, "पोरगी मधल्या तोंडाला विचारते..."

"पोरगी मधल्या तोंडाला विचारते!" हे गरजले.

"तू राजा आहेस, तर दार का शोधत नाहीस?"

"तू राजा आहेस, तर दार का शोधत नाहीस!"

मॅनेजर भराभर लिहीत होते. पोरगी राजाला घेऊन दारापर्यंत आली, दार उघडणार, तेवढ्यात माझं लक्ष चुलीकडे गेलं. "अगं बाई, दूध उतू चाललं!"

"अगं बाई! दूध उतू चाललं!" हे म्हणाले.

"वा!" मॅनेजर म्हणाले. "एकदम नवीन!" आणि लिहून घेतलं. मग करपट वास आला. त्यांनी पेन थांबवलं, ह्यांच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "वहिनी, चहा ऱ्हाऊ द्या. लेखिकेले पाठवा बाहेर."

माझी पोरगी सात तोंडांसमोर ताठ उभी राहते. मी मागच्या दाराने पळाले आणि म्हशीमागे जाऊन बसले.

तिथून सगळं ऐकू येत होतं. "मी नाई लिहिलं, भाऊ," हे म्हणाले, आणि एवढं सरळ वाक्य ह्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. प्रॉम्प्टर नसताना!

"मंग नाव काय लिहू बोर्डावर?"

आता इथे पंचाईत. आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. हे सरकून बसले, खाट करकरली. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "आमच्या घरची."

नाटकवाला माणूस तो. सांगितलं तेच लिहिलं.

आठ दिवसांनी भोंग्याची जीप गावात फिरली. "पहा, पहा! सातमुख्या राजा! लेखिका, आमच्या घरची!" बोर्डावर बाई आली तसे हे लेखकराव राहिले नाहीत, पण बाई कोणाच्या घरची ते कोणालाच कळेना. गुलाबभाऊ चौकात सांगू लागले, माझ्या घरची असू शकते. देवाजीही बायकोशी अदबीने बोलू लागला. गावातल्या सगळ्या बायकांना दोन दिवस आयता चहा मिळाला. मला सोडून.

तिसऱ्या दिवशी शेवंताबाई आल्या. आल्या आल्या चुलीवरचं झाकण उचललं. "काऊन वं, हे घरची कोनाच्या घरची हाय? तिनं चेटकीण लय भारी लिहिली. मले भेटाचं हाय तिले."

हीच वेळ होती. पदर खोचला, छाती पुढे काढली, तोंड उघडलं. माझंच नाव, एक शब्द. तो येईना! ओळ आठवेना तर नट करतो तेच केलं, वळून प्रॉम्प्टरकडे बघितलं.

खाट रिकामी होती. बहिणीचा आवाज ऐकून हे आधीच म्हशीमागे जाऊन बसले होते.

मी गोठ्यात गेले आणि म्हटलं, "सरका थोडं."