आत्यानं झेललेली ओळ

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही, हे आधीच सांगतो. अंगारे-धुपारे आमच्या आजोबांनीच घरातून बाहेर काढले, आणि मी घरातला पहिला बी.एस्सी. म्हसा गावच्या जत्रेहून येताना भूत दिसलं म्हणणाऱ्यांना मी तोंडावर हसलोय. तरी हे लिहितोय... कारण विचारावं कुणाला, ते कळत नाही.

आमची वाडी शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, बायका ओळीनं चिखलात उभ्या राहतात. एकजण गाण्याची अर्धी ओळ टाकते, दुसरी ती झेलून पुरी करते. टाकलेली ओळ झेलायचीच, असा आमच्याकडचा रिवाज. आई गेल्यावर सखूआत्यानं आम्हाला वाढवलं. माझी धाकटी बहीण सुजाता ओळ टाकायची, आत्या झेलायची.

सुजाता स्कॉलरशिपवर इंग्लंडला शिकायला गेली. तिकडे पबमध्ये गिटार घेऊन स्वतः रचलेली गाणी गायला लागली — मराठीच, आवणीच्या चालीवर. लंडनच्या एका लहानशा कंपनीनं तिचा पहिला अल्बम करायचं ठरवलं. फोनवर म्हणाली, "दादा, हे जमलं तर जन्मभर गाणार. नाय जमलं तर येते परत."

त्याच दिवसांत एका दुपारी आत्या अंगणात नाचणी पाखडत होती. मधेच सूप थांबवून गायली, "...माझ्या मातीचा वास नाय गो." नुसती अर्धी ओळ. परत पाखडायला लागली. थोड्या वेळानं आणखी एक अर्धी. मी विचारलं, कोणाचं गाणं? तर म्हणाली, "सुजी टाकते ना. तुला ऐकू येत नाय? येवढा शिकलास नि कानानं गेलास रे."

वय झालंय, म्हटलं.

मग सुजातानं रेकॉर्डिंग पाठवलं. नवंकोरं गाणं, आम्हाला कुणाला माहीत नसलेलं. बंद खोलीत ती एकटी गायली होती. "इथल्या पावसाला, बाय..." एवढं तिच्या आवाजात. पुढचं आत्याच्या. मागे सुपाची सळसळसुद्धा.

कंपनीवाले विचारत होते, ही दुसरी बाई कोण? अल्बम एकटीचा आहे, तो आवाज काढू. सुजाता नको नको म्हणत राहिली, शेवटी हो म्हणाली. पहिलाच अल्बम... नाही कोण म्हणेल?

त्यांनी आवाज काढला त्याच दिवशी आत्या चुलीपाशी बोलता बोलता थांबली. ती थांबलीच, परत आवाज फुटला नाही. शहापूरला दाखवलं, ठाण्याला दाखवलं. घसा चांगला आहे, डोकं चांगलं आहे, म्हणाले.

अल्बम आला. पण स्टेजवर सुजाता अर्धी ओळ टाकायची आणि गप्प उभी राहायची. पुढचे शब्द तिचेच, पण तोंडातून निघत नसत. लोक वाट बघायचे, मग उठून जायचे. कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही.

या उन्हाळ्यात ती परत आली. अंगणात आत्यासमोर बसून तिनं तीच ओळ टाकली. आत्याचे ओठ हलले — चालीत, अगदी बरोबर. आवाज नाही. सुजातानं परत टाकली. परत नुसते ओठ. मग सुजाता उठून आत गेली.

मी घाईघाईनं मोबाईलमधलं ते पहिलं रेकॉर्डिंग काढलं. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. निदान आत्याला तिचा आवाज तरी ऐकवावा...

त्यात सुजाता ऐकू येते, सूप ऐकू येतं. आत्या नाही.

याला काय म्हणायचं, माझ्या शिक्षणात नाही. सुजाता आता गात नाही. आत्या मात्र दुपारी सूप घेऊन बसते, मधेच हात थांबवते, कान देते... आणि परत पाखडायला लागते.