F वाजवला कोणी?

आधीच कबूल करतो – मी थापाड्या माणूस आहे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि कसा असणार? नाहूरच्या पुलाखालची हडळ मी स्वतः जन्माला घातली होती. दहावीच्या सुट्टीत, कंटाळा आला म्हणून. आठवडाभरात तिला पाहिलेली सात माणसं मला भेटली! तेव्हा ही माझी गोष्टसुद्धा तुम्ही थाप समजून वाचलीत तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत वाचा.

साल शहाऐंशी. मुंबईत नाहूरला, रेल्वे रुळांच्या पूर्वेला आमची दुमजली चाळ. बाबा वीस वर्षं गिरणीत मागावर होते, गिरणी सुटल्यावर भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले. आणि मला लागलं होतं गिटारचं वेड... नाहूर ते ठाणे दुसरी गिटार नसेल त्या काळात. (असेल एखादी. मला माहीत नव्हती.) वाकोल्याला पास्कल सर म्हणून रविवारी सकाळी शिकवायचे. त्यांच्याकडूनच एक जुनी गिटार बाबांनी घेऊन दिली, पण अट घालून. गणपतीत चाळीसमोर एक अख्खं गाणं वाजवायचं. नाही जमलं तर गिटार परत वाकोल्याला आणि मी टायपिंगच्या क्लासला. बाबांची अट म्हणजे अट. कोकणातला माणूस, दोनदा सांगत नाही.

मग कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे झुपके. C जमला. Am जमला. G साठी करंगळी पार ठाण्यापर्यंत ताणावी लागायची, तोही जमला. बोटांच्या टोकांना असे घट्टे पडले की गरम चहाचा ग्लास मी बिनदिक्कत धरायचो. स्ट्रमिंग तर झकास – खाली-खाली-वर, वर-खाली-वर, झोपेतसुद्धा हात चालायचा, आई वैतागायची.

पण F...

ज्यांनी गिटार धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. F मध्ये पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबाव्या लागतात आणि उरलेली तीन बोटं पुढे कसरत करतात. अडीच महिने मी दाबतोय, दाबतोय, आणि आवाज येतोय रिकाम्या डब्यावर चमचा मारल्यासारखा. सर म्हणायचे, येईल, घाई करू नको. गणपती मात्र घाईत होते.

आमच्या गाण्यात F अकरा वेळा यायचा. मोजला होता. गाणारा माझा जिगरी दोस्त नंदू, त्याला म्हटलं, वाट लागली यार. मग डोक्यातून एक आयडिया निघाली. F आला की वाजवायचंच नाही! डावा हात तारांवरून उचलायचा, उजव्या हाताने गिटारच्या लाकडावर थाप मारायची – धप्प – आणि पुढच्या G ला परत हजर. लोकांना वाटेल स्टाईल आहे. नंदू म्हणाला, "तू गिटारवर पण थापाच मार."

रविवारची संध्याकाळ, पाच वाजता. हे मुद्दाम सांगतो, कारण अमावास्या नाही, मध्यरात्र नाही, भर उजेड. चौकात मंडप, समोर सतरंजीवर पोरंटोरं, मागे खुर्च्या, पहिल्या रांगेत बाबा, हाताची घडी घालून. स्टेजवर आम्ही दोघंच, तिसरी एक ढोलकी. नंदूने त्याच्या मामाचा टेपरेकॉर्डर स्टेजच्या कडेला लावून ठेवला होता.

C, Am... आणि आला पहिला F. मी हात उचलला, लाकडावर धप्प मारली...

आणि F वाजला!

गोलमटोल, भरलेला, सहाच्या सहा तारांचा F. माझ्या बरगड्यांना टेकलेलं लाकूड थरारलं, शर्टाचं बटण कुरकुरलं. माझा डावा हात हवेत, उजवा लाकडावर. नंदूने गाता गाता माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणतोय, साल्या, जमतंय की तुला! मला घाम फुटला, पण बोटं पुढे गेलीच. दुसरा F. धप्प. वाजला! तिसरा. वाजला! आता खरं सांगू? भीती कुठच्या कुठे पळाली. अंगात असा जोर चढला की चौथ्या F ला मी उचललेला डावा हात हलवून पब्लिकला टाटा केला. पब्लिक पागल. वरच्या गॅलरीतून शिट्ट्या. अकराच्या अकरा F वाजले, अन् मी एकही वाजवला नाही.

बाबा उठून घरी गेले. मी घरी पोचल्यावर गिटार माझ्या हातातून घेऊन त्यांनी कपाटावर ठेवून दिली.

टेप आम्ही सतरा वेळा ऐकली. प्रत्येक ठिकाणी धप्प, आणि त्याच्याच पोटात F. पुढच्या रविवारी कॅसेट घेऊन वाकोल्याला गेलो, सरांना काही न सांगता ऐकवली. सरांनी डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "दुसरी गिटार कोण वाजवतो रे? F एकदम क्लीन आहे त्याचा."

दुसरी गिटार नव्हती, हे सांगितल्यावर ते हसले. मी आशेने विचारलं, ही गिटार आधी कोणाची होती, कोणी गेलंय का त्या घरात? सर म्हणाले की त्यांनीच दुकानातून नवीकोरी आणली होती, आणि ते तर माझ्यासमोर जिवंत बसलेत. म्हणजे तोही दरवाजा बंद.

घरी आलो. बाबा पेपर वाचत होते. आता गप्प राहिलो असतो तर अटीप्रमाणे गिटार माझीच होती, अख्खी चाळ माझ्या बाजूने होती. पण आयुष्यात पहिल्यांदा थाप गिळली. म्हटलं, बाबा, ते F मी वाजवले नाहीत.

"माका ठावक आसा," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. "वीस वर्सां मागार काढलंय. मानसाचो हात काय करता ता माका दिसता. तुझो हात लाकडार होतो."

"मग वाजवलं कोणी?"

"ता माका ठावक नाय." त्यांनी पेपर खाली ठेवला. "पन दुसऱ्याक राबवन आपन टाळये घेवचे नाय. तुझा काम तू शीक. मगे गिटार तुझी."

कपाटावरून गिटार त्यांनीच काढून दिली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझा पहिला F वाजला. थोडा खरखरीत, पण माझा. त्यानंतर त्या गिटारने आपणहून एक सूरही काढला नाही. कॅसेट नंदूच्या मामाने वर लग्नाचे सनई-चौघडे भरून संपवली. सर नाहीत, बाबा नाहीत. हजार थापा मारलेल्या माणसाच्या आयुष्यात एकच खरी गोष्ट घडली, आणि माझे हात नीट पाहिलेला साक्षीदार एकच होता, बाबा.

कारण मला आजही सापडलेलं नाही. गिटार आहे अजून, तारा बदलून बदलून ठेवलीय. कधीतरी दुपारी घरात कोणी नसलं की तेच गाणं काढतो, आणि F आला की डावा हात उचलून उजव्याने लाकडावर एक थाप मारतो.

धप्प.

थोडं थांबतो... आणि मग माझा मी वाजवतो.