न चाखता दिलेले मार्क

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. बिअरला मार्क देण्याचं काम मी आयुष्यात एकदाच केलं आहे, आणि तेही तिचा एक थेंब तोंडात न घालता. तुम्ही म्हणाल, हे कसं जमलं? जमलं बुवा. माझ्यासारखा तत्त्वाचा माणूस असला की काहीही जमतं.

तेव्हा मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि दारूबंदी येणार म्हणून माझे पाय जमिनीवर नव्हते. शिवाजी पेठेत असा एक कट्टा उरला नव्हता की ज्यावर उभा राहून मी भाषण दिलं नाही. भाषण ठरलेलं. दारू पहिल्यांदा माणसाला खोटं बोलायला शिकवते, मग जवळच्या माणसांचा घात करायला लावते. टाळ्या हमखास.

आणि माझा सख्खा मामा त्याच पेठेत, घरामागच्या परड्यातल्या खोपटात बिअर करत बसला होता!

मामा लढाईत गेलेला. जर्मनांच्या कैदेत सापडला आणि तिकडे पिल्सन नावाच्या गावाजवळ एका शेतकऱ्याकडे कामाला लागला. तो शेतकरी घरीच बिअर करायचा. पिवळीधमक, स्वच्छ आणि कडू. कडूपणा कसल्याशा वाळक्या फुलांचा. मामानं त्या फुलांचा एक बटवा कमरेला बांधून कोल्हापूरपर्यंत आणला होता. लोक लढाईवरून घड्याळं आणतात, आमच्या मामानं फुलं आणली.

पण त्याच कैदेत त्याला मोठा ताप आला, आणि त्या तापात त्याची चव गेली ती गेलीच. पांढरा रस्सा आणि दुधाचा चहा त्याला सारखाच. मामी एकदा मीठ घालायला विसरली तर घरभर बोंब, मामा मात्र वाटी चाटून मोकळा. तापात त्याला सांभाळलं ते हुपरीच्या रामूअण्णांनी. तेही कैदेतच होते. शेतकऱ्याकडून मागून आणलेली ती बिअर अण्णा चमच्यानं मामाच्या तोंडात घालायचे. मामाच्या जिभेला आठवणारी शेवटची चव तीच.

आता अण्णा हुपरीत छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले होते. पैंजण घडवणाऱ्या हाताला आता हातोडी उचलवत नव्हती. त्यांनी निरोप धाडला होता, जायच्या आधी ते कडू पाणी एकदा पाज.

म्हणून मामानं जवाला मोड आणले, वाळवले, भरडले, उकळले. पाववाल्याकडून खमीर आणलं. रांजण तयार झाला. फक्त चाखायला जीभ नव्हती. तालमीतली पोरं फुकट मिळालं तर मोरीच्या पाण्यालाही एक नंबर म्हणाली असती. मामी रांजणाच्या सावलीलाही उभी राहत नव्हती.

"तू चाख," मामा म्हणाला. "तू खोटं बोलत न्हाईस. कालेजात देत्यात तसं मार्क दे."

दारूला न शिवण्याच्या माझ्या प्रतिज्ञेची मी त्याला आठवण करून दिली. मामा म्हणाला, औषध समज, एक घोट. मी तत्त्वावर बोलायला लागणार, तेवढ्यात मामीनं त्याला आत हाक मारली. पेला माझ्या हातात. समोर न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू. मी पेला अळवात ओतला आणि मिशी पुसली. मिशी तेव्हा नीट फुटलीही नव्हती, तरी पुसली.

मामा परत आला. रंगाला मी आठ दिले, फेसाला सात. ते डोळ्यांनी दिसलं होतं, तेवढं खरं. मग चव. म्हटलं, असं काही सांगू की हा माणूस रांजणच पालथा करील.

"कडू," मी म्हणालो. "कडुलिंबाहून कडू. तोंडात धरवत नाही. दहापैकी दोन."

मामा मटकन खाली बसला. मला वाटलं, जिंकलो.

"जिभंच्या शेंड्याला कडू का माघारी?"

"मागे," मी ठोकून दिलं. "पार घशापर्यंत."

मामाच्या डोळ्यांत पाणी. "तीच की रं! पयल्या घोटाला आमीबी दोनच दिलं असतं."

मग त्यानं कमरेचा बटवा काढला. निम्मी फुलं त्यानं राखून ठेवली होती. कडूपणा कमी पडला तर उकळून घालायला. "आता नगं," म्हणत त्यानं बटव्याची दोरी पुन्हा आवळली.

बोलायची वेळ तीच होती. पण बोललो असतो तर अळवाचं सांगावं लागलं असतं. आणि पेठेत माझी इज्जत होती ना!

बाटल्या भरल्या, विहिरीत सोडून गार केल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि आम्ही हुपरीची एस.टी. धरली. मामा वाटेत कंडक्टरलासुद्धा सांगत होता, "माझ्या भाच्यानं पारखलीया."

अण्णा उशीला टेकून बसले होते. शेजारच्या घरांतून चांदीवर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज येत होता. मामानं पेला त्यांच्या ओठाला लावला. अण्णांनी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मामा त्यांच्या तोंडाकडं असा बघत होता की मला खाली बघावं लागलं.

"कसं हाय, अण्णा?"

अण्णांनी आधी मामाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"कडू हाय," ते म्हणाले. "तीच हाय, गड्या."

मामा तोंड धुवायच्या निमित्तानं परड्यात गेला. अण्णांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"पावणं, तुमी चाखलं न्हवतं न्हवं?"

"नाही," मी कबूल केलं.

"गोड हाय वो. उसाच्या रसावानी." त्यांना खोकला आला, तो थांबेपर्यंत मी उभा. मग म्हणाले, "त्याला सांगू नगा." आणि त्यांनी तो सगळा पेला संपवला, कडू औषध प्यावं तसं तोंड वाकडं करून. मामा परत येत होता ना, त्याला दिसायला हवं होतं.

अण्णा फार दिवस राहिले नाहीत. मामा अजून सगळ्यांना सांगतो की अण्णांना पाहिजे ती चव मिळाली आणि मगच ते गेले. पुढं दारूबंदी आली, रांजणात मामी आता लोणचं घालते. उरलेल्या फुलांचा बटवा मामानं मला बक्षीस दिला. पारख केली म्हणून. घरी येऊन मी त्यातलं एक फूल चावलं. कडू म्हणजे काय ते तेव्हा कळलं. शेंड्याला नाही, मागे. पार घशापर्यंत.

भाषणं मी सोडली. दारू माणसाला आधी खोटं बोलायला शिकवते, मग जवळच्यांचा घात करायला लावते, हे कुठल्या तोंडानं सांगू? लोकांना त्यासाठी निदान प्यावी तरी लागते.