पांढरी वायर, पिवळी वायर

पांढऱ्या वायरीचं रीळ कुणीतरी उचललं आणि त्या जागी पिवळ्याचं दुसरं रीळ ठेवलं, असं मला आधी वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. शेजारच्या टेबलावर सोल्डरिंग करणारा तमिळ कारागीर हसला. "भाई, सफेद तो तुम्हारे हाथ में है."

मी हातातल्या रिळाकडे पाहिलं. ते पिवळट होतं. "मजाक किया," असं म्हणून मीही हसलो, पण त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मी मालवणकडचा. वायरमन म्हणून कुवेतला आलो तेव्हा आधी इमारतींची कामं केली, मग सुलैबियातल्या या वर्कशॉपमध्ये लागलो. जपानमध्ये वापरून झालेली नाण्यावर चालणारी जुनी गेमची यंत्रं इथे येतात. माणसाएवढं कपाट, आत जुन्या टीव्हीसारखी जाड काच, समोर दांडी आणि बटणं. आम्ही ती दुरुस्त करून मॉलमधल्या गेमच्या हॉलना आणि हौशी लोकांना देतो. माझं काम फक्त आतल्या वायरिंगचं. प्रत्येक कपाटात वायरींचा मोठा जुडगा असतो, त्याला आम्ही हार्नेस म्हणतो. त्याच्या टोकाला एक लांबट कनेक्टर असतो आणि त्यात गेमचा बोर्ड खोचायचा. वीज, चित्र, आवाज, बटणं, सगळं त्या एका कनेक्टरमधून जातं. बाकी ठिकाणी नखाएवढे पांढरे प्लास्टिकचे कनेक्टर असतात. नीट बसला की टक् असा आवाज येतो. तो आवाज मला आवडायचा. पंधरा वर्षांत तो शेकडो वेळा ऐकला असेन.

या कामात एक गोष्ट चुकून चालत नाही. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात. त्याच कनेक्टरमध्ये, अगदी शेजारी, आवाजासाठी बारा व्होल्टची वायर येते. आमच्याकडच्या बहुतेक कपाटांत पाचाची वायर पांढरी आणि बाराची पिवळी. अदलाबदल झाली तर बटण दाबल्याच्या क्षणी बोर्ड मरतो, आणि तसे बोर्ड आता कुठे बनत नाहीत.

रिळाचा तो प्रसंग झाल्यावर महिन्याभरात मी एक बोर्ड जाळला. मीच केलेला नवा हार्नेस, मीच जोडलेला. स्विच टाकला, पट् झालं आणि जळक्याचा वास आला. मुदीर, म्हणजे आमचा इजिप्शियन मॅनेजर, केबिनमधून धावत आला. मी म्हणालो, "पॉवर सप्लाय खराब, सर." तोंडातून ते कसं निघालं कळलं नाही. त्याने सप्लाय काढून भंगारात टाकला. तो सप्लाय चांगला होता. मी खाली वाकून कनेक्टर पाहिला, पुन्हा पाहिला, डोळ्याजवळ धरून पाहिला. दोन्ही वायरी मला सारख्याच दिसत होत्या.

तेव्हापासून भीती सुरू झाली. अब्बासियात आम्ही सहा जण एका फ्लॅटमध्ये राहतो. माझ्या खोलीत राजापूरचा एक सुतार आहे. जेवताना गोष्टी निघायच्या, कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वाढला, कुणाचा नाही, पन्नाशीनंतर कंपन्या कशा कागद द्यायला टाळाटाळ करतात. मी खाली मान घालून जेवायचो. माझा इकामा चार महिन्यांनी संपणार होता. मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. रंग न ओळखणारा वायरमन कोण ठेवील? सुताराने एकदा विचारलं, "काय रे, हल्ली बोलत नाय तू?" मी म्हटलं, झोप होत नाही. ते तरी खरं होतं.

मी युक्त्या शोधल्या. रिळांवर खुणा केल्या, पांढऱ्याला एक खाच, पिवळ्याला दोन. प्रत्येक पिन मीटरने तपासू लागलो. पण बाहेरून आलेल्या कपाटांतल्या जुन्या वायरींवर खुणा कुठून असणार? मग मी मुलीला व्हिडिओ कॉल करायला लागलो. वायर कॅमेऱ्यासमोर धरायची आणि विचारायचं. पहिल्यांदा तिला गंमत वाटली.

"ह्यो पिवळो. बाजूचो धवो. बाबा, तुमी माझी परीक्षा घेतास?"

"हां. नीट बघून सांग."

चौथ्या की पाचव्या वेळी ती हसली नाही. "बाबा, माका खरां सांगा. तुमका दिसना नाय?"

मी वायर कॅमेऱ्यासमोरून काढून घेतली.

"रात्री दिव्याभोवती कडी दिसतत?"

दिसायची. बसमधून येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुलासारखे पसरायचे.

"बाबा, ह्यो मोतीबिंदू आसा. डॉक्टरकडे जावा. ऑपरेशन साधा असता."

"आवशीक सांगू नको," एवढंच मी म्हणालो. डॉक्टरकडे गेलो नाही. दवाखान्यात गेलो तर कंपनीला कळेल, कागदावर चढेल, इकाम्याच्या वेळी कुणीतरी तो कागद काढील, असं डोक्यात बसलं होतं. मुलगी रोज मेसेज करायची, गेलात का? मी लिहायचो, उद्या.

अशातच रुमैथियाच्या एका घरून बोलावणं आलं. मालक म्हातारे कुवेती. तरुणपणी हौसेने आणलेलं त्यांचं कपाट कुणीतरी अर्धवट उघडून, जुना कनेक्टर कापून ठेवून दिलं होतं. नवा कनेक्टर बसवून गेम चालू करायचा होता. मुदीर म्हणाला, "तू जा. तुझा हात चांगला आहे." ड्रायव्हरने घाई केली आणि आकड्यांमागे दिवा लागणारा मोठा मीटर टेबलावरच राहिला. पिशवीत होता तो जुना, छोटा.

कपाट तळघरात होतं. वर दुपारचं ऊन पांढरं पडलेलं आणि खाली एकच मंद दिवा. म्हातारे खुर्ची ओढून माझ्या मागेच बसले. त्यांना हिंदी येत होतं. "मेरा वालिद बंबई जाता था, जहाज में, खजूर लेके," ते म्हणाले. मग गेमचा बोर्ड त्यांनी स्वतः आणून दिला, कापडात गुंडाळलेला, दोन्ही हातांनी धरून. "ये दूसरा नहीं मिलेगा. संभाल के."

मी कामाला लागलो. बटणांच्या वायरी, आवाजाच्या, चित्राच्या. प्रत्येकीच्या टोकाला पिन दाबायची आणि कनेक्टरमध्ये सरकवायची. हातांना ते पाठ होतं. दोन तास गेले. शेवटी दोन वायरी उरल्या, पांढरी आणि पिवळी. मला दोन्ही मळक्या दिसत होत्या.

मुलीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिची वॉर्डमध्ये ड्युटी होती, फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, मला ठाऊक होतं. तरी तिसऱ्यांदा लावला. मग मीटर काढला. वीज चालू करून एका वायरीला लावला. काचेवर करड्यात करडे काही आकडे आले. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, मान वाकडी केली. पाच की बारा, काही केल्या कळेना. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला.

"खलास?" म्हाताऱ्यांनी विचारलं. झालं का?

"दो मिनट, साहब."

वीज बंद केली. एक वायर उचलली आणि पाच व्होल्टच्या जागेशी नेली. हीच पांढरी, असं मन सांगत होतं. असंच त्या दिवशीही सांगितलं होतं. पिन भोकाच्या कडेला टकटक आपटत होती. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. सरकवून टाकावी आणि बटण दाबावं. जळलं तर सप्लायचं नाव सांगता येईल. हा विचार माझ्या डोक्यात पूर्ण येऊन गेला, ते लपवत नाही. पण पिन आत जाईना, मी आत घालीना.

मी वायर खाली ठेवली, वीज परत चालू केली आणि मीटर त्यांच्यापुढे धरला. "साहब, ये नंबर पढ़ के बताओगे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीटरकडे. "इतनाश. बारह."

"और ये?"

"खमसा. पाँच."

म्हणजे जी मी पाचाच्या जागी घालणार होतो ती बाराची होती. मी जमिनीवरच बसलो. वीज पुन्हा बंद करून मी दोन्ही पिना बसवल्या, बोर्ड खोचला आणि कसाबसा स्विच टाकला. काच उजळली, गेमचं संगीत सुरू झालं. म्हातारे उठले नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "कब से नहीं दिखता?"

"तीन महीने से, साहब."

"माय अब्यद," त्यांनी स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं. "सफेद पानी. मेरा दोनों आँख में था." आणि माझ्यासमोर खिशातून फोन काढून त्यांनी मुदीरला लावला. भरभर अरबीत बोलले. मला एकच शब्द कळत होता, ऐन, डोळा. तो चार वेळा आला. मी हात जोडले. त्यांनी हातानेच थांब म्हटलं आणि बोलत राहिले.

परतीच्या गाडीत ड्रायव्हर गाणी लावून होता. मी मनात सामान बांधत होतो. कुठली बॅग, कुणाला काय द्यायचं, घरी पोहोचल्यावर बायकोला पहिलं वाक्य काय बोलायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदीरने केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "तुला दिसत नाही आणि तू वीज जोडतोस? माणूस मेला असता तर?"

मग मीच सांगितलं, "सर, तो बोर्ड जळला ना, तो सप्लायमुळे नाही. मी जाळला."

तो चिडला तेव्हा अरबीत चिडला, ते मला कळलं नाही आणि त्याने समजावलंही नाही. शेवटी म्हणाला, म्हाताऱ्यांनी सांगितलंय की ऑपरेशन झालं की हाच माणूस माझ्याकडे पाठव. "मी इकाम्याचं वचन देत नाही. आधी डोळा. तोवर स्विचला हात लावायचा नाही."

ऑपरेशनच्या दिवशी मी इतका घाबरलो होतो की टेबलावर माझी मान स्थिर राहीना. डोळा उघडा ठेवून कापतात, हे मला आदल्या रात्रीच कळलं होतं. केरळची एक नर्स होती, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "अंकल, हिलना नहीं." मी तिची बोटं दाबून दाबून लाल केली असणार. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागली. पट्टी काढल्यावर समोरचा तिचा कोट इतका पांढरा दिसला की मी डोळा मिटून घेतला.

इकामा वाढला, पण एकाच वर्षाचा. मी जोडलेलं प्रत्येक कपाट आता तमिळ कारागीर तपासतो आणि मगच स्विच टाकतो. पहिल्या आठवड्यात ते मला अपमानासारखं वाटलं. आता तो यायला उशीर झाला तर मीच हाक मारतो. दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. भीती अजून वाटते, पण या वेळी खोलीत सांगून टाकलं. सुताराने त्या दिवसाची सुट्टी मागून ठेवली आहे, तो सोबत येणार आहे.