बायकांना विहिरीवरून उठवलं तेव्हा

उमेळे गावचा प्लासिड दुसऱ्या महायुद्धात लष्करात भरती झाला आणि तिथे बुलडोझर चालवायला शिकला. चव्वेचाळीस साली गावाबाहेरची जमीन लष्करी तळासाठी घेतली गेली, ती सपाट करायला नेमकी त्याचीच तुकडी आली. त्याच्या आईची, मार्थाची, केळीची बाग त्यात गेली. बागेवर तिने पाणी सोडलं, पण बागेतली विहीर द्यायला ती तयार नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी वाजतगाजत त्याच विहिरीवरून यायचं, आणि धाकट्या लेकीचं, कार्मिनचं, लग्न तोंडावर आलं होतं. गावच्या बायका विहिरीला वेढा घालून बसल्या.

तुकडीचा साहेब मोठा गोड बोलणारा. नाताळात मार्थाच्या हातचं जेवला होता, त्याच विहिरीचं पाणी प्याला होता. तो प्लासिडला म्हणाला, "विहिरीला हात लावणार नाही. तू समजाव त्यांना."

प्लासिडने एकेकीला समजावलं. घरचाच पोरगा सांगतोय म्हणून बायका उठल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबाने त्याला यंत्राचा एक भाग आणायला मुंबईला धाडलं. तो परतला तेव्हा विहिरीच्या जागी ओली माती होती आणि तिच्यावर बुलडोझरच्या पट्ट्यांचे ठसे. एका ठशाचा कोपरा तुटका होता, त्याच्या यंत्राच्या पट्टीचा होता तसाच. ते त्याचंच यंत्र होतं.

त्याने आणलेल्या भागाकडे साहेबाने पाहिलंसुद्धा नाही. "बायका बसून राहिल्या असत्या तर पंचाईत होती," तो हसून म्हणाला. "तुझ्यामुळे काम सोपं झालं."

ज्याला घरात जेवू घातलं, त्या साहेबाने प्लासिडच्याच तोंडाने प्लासिडचं गाव फसवलं होतं.

"मी मुंबईत होतो, आई," त्याने घरी सांगितलं.

"ठावं हाय," मार्था म्हणाली. "पन उठवलं तूच."

कार्मिनच्या लग्नाचं पाणी शेजारच्या सांडोर गावाहून आणायचं ठरलं. बँड वाजवत सगळे तिथल्या विहिरीवर गेले. पहिली घागर नवरीच्या भावाने ओढायची, ही त्यांच्या घरची रीत. प्लासिड पुढे झाला आणि त्याने दोर धरला. मार्थाने त्याच्या हातातून तो हळूच काढून घेतला.

"ही दुसऱ्या गावची हाय," ती म्हणाली. "हिला तरी हात लावू नको."