ओ देऊ नको

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. तेव्हा तर जास्तच यायचं... २००४ साली मी पुण्यात मलेरियाच्या जंतूवर पीएचडी करत होते. हा जंतू रक्तातल्या लाल पेशीला बाहेरून चिकटतो आणि तिला सिग्नल देतो. पेशी आतून प्रतिसाद देते, तिचं आवरण सैल पडतं आणि हा पाहुणा आत घुसतो. पेशीचा तो प्रतिसादच बंद पाडता येईल का, एवढाच माझा विषय. आमच्या कोकणातल्या मिठबाव गावच्या भाषेत सांगायचं तर, पेशीने ओ द्यायचीच नाही!

त्या श्रावणात माझी धाकटी बहीण सुमन मलेरियाने पडली. घरात आम्ही तिला बाय म्हणतो. ताप मेंदूपर्यंत गेला होता. मी धावतपळत देवगडला पोचले तेव्हा ती दवाखान्यात बेशुद्ध होती, सलाईनमधून क्विनाईन चालू होतं. डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस काढला तर..." या आजारात काय काय होऊ शकतं ते मला पाठ होतं, म्हणून माझी भीती इतरांच्या दुप्पट होती.

दुपारी ती कुणाला तरी 'येते गं' म्हणावं तशी पुटपुटायला लागली, "येतंय... येतंय गो..."

आईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "ओ देऊ नको गो बाय! कोण बोलावता, काय ठाव? तिसरी हाक येयसर गप रव."

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. 'ते' हाक मारतं तेव्हा दोनदाच मारतं. तिसरी हाक माणसाचीच.

मी वैतागले. "आई, श्वास घेवंक दी तिका! ताप आसा तो, भूत नाय."

आई डोळे पुसत नळावर तोंड धुवायला गेली.

तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली. "बाय गो..."

आवाज माझा होता. मी कॉटपाशी उभी, तोंड मिटलेलं, आणि बाहेरून माझाच आवाज — पुन्हा एकदा, अजून जवळून. "बाय गो..."

सुमनचे ओठ हलले. माझी पीएचडी गेली खड्ड्यात... मी तिचं तोंड हाताने दाबून धरलं आणि तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. आलीच नाही. व्हरांड्यात डोकावले, तर चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी ताप उतरला. क्विनाईननेच उतरला, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि आवाजाचं म्हणाल तर प्रवासाचा शीण, भीती, भास... अशी मी माझी समजूत घालून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सुमन शुद्धीवर आली. मला रडूच फुटलं. पण ती माझ्याकडे बघत होती ती रागाने.

"ताई, भायरसून तूच हाक मारलंस ना? मी येय होतंय... मग माजा तोंड कित्याक दाबलंस?"

इतकी वर्षं झाली त्याला. आता तिच्या सासरी जाते तेव्हा मी दारातून हाक मारत नाही. आत जाते, तिच्यासमोर उभी राहते, तिने मला नीट बघितलं याची खात्री करते... आणि मगच तिचं नाव घेते.