बसून वाजवणारा लिंबाजी

लग्न होऊन मी उदगीरला आले त्याच वर्षीचं हे भांडण आहे. मी चुलीपुढं भाकरी थापत होते आणि कुडाच्या पलीकडं माझे सासरे पिराजीमामा आणि धाकटा दीर लिंबाजी यांची जुंपली होती. नव्या नवरीनं मधी बोलायचं नसतं, म्हणून मी नुसते कान तिकडं लावून बसले. तव्यावरची भाकरी जळाली तरी मला कळलं नाही.

"ह्या घरात पुन्हा कातडं वाजणार न्हाई!" मामा ओरडले.

"कातडं कुठं हाय आबा? डालड्याचा डबा हाय."

"आज डबा, उद्या हलगी, परवा पाटलाच्या दारात उभा राहशील!"

"उभा न्हाई राहणार."

"मग काय तुला खुर्ची टाकतेत?"

"का न्हाई टाकणार?"

मामा म्हणाले, "ज्या दिवशी बसायला देऊन वाजीव म्हणतील, त्या दिवशी मला बोलवायला ये. तवर तुझा एक ठोका माझ्या कानावर पडला न्हाई पाहिजे."

मामांचं चूक होतं असं मला वाटत नाही. तरुणपणी ते निलंग्याकडच्या त्यांच्या गावात हलगी वाजवायचे. पाटलाच्या घरचं लग्न असलं की दारात उभं राहून वाजवायचं, आणि पंगत उठल्यावर लांब बसून जेवायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि त्यांनी हलगी चुलीत घातली. गाव सोडून उदगीरला आले, धान्याच्या मोंढ्यात हमाली धरली. पुढं कुठं हलगी वाजली तर ते रस्ता बदलून जायचे. पण खाटेवर बसले की त्यांची बोटं गुडघ्यावर चालूच असायची. मला दिसायची. त्यांना मात्र ठाऊक नसावं, आणि मीही कधी सांगितलं नाही.

लिंबाजीनं बापाचा शब्द पाळला. तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक झाला, भामाबाईशी लग्न झालं, आमच्याच अंगणात पलीकडं दोन खोल्या बांधल्या. मामा आमच्याकडं, म्हणजे थोरल्या लेकाकडं, शेषेरावाकडं राहायचे. लिंबाजी गाणाऱ्यांच्या पार्टीत वाजवायचा, जयंतीला बाबासाहेबांची गाणी आणि लग्नात सिनेमाची. पण घरात त्यानं कधी ताटावर बोट वाजवलं नाही. पार्टीत तो ढोलकी वाजवायचा. मी एकदा म्हणाले, "अरे, ढोलकी तर बसूनच वाजवतेत. सांग की मामाला."

"वैनी, मांडी घालून खाली बसणं आबाच्या हिशोबात बसणं न्हाई. खाली तर ते बसतच होते."

मग मोबाइल आला. लिंबाजीला त्यात पहिल्यांदा ड्रमसेट नीट बघायला मिळाला, आणि त्यानं एकच गोष्ट हेरली. गाणारा उभा, गिटारवाला उभा, आणि ड्रमवाला एकटा मागं, उंचावर, राजासारखा बसलेला. त्या दिवसापासून त्याचं जेवणात लक्ष राहिलं नाही. जपानची कंपनी, तैवानची कंपनी, अमेरिकेची कंपनी. कोणाचं लाकूड कसलं, कोणाचं लोखंड किती जाड, हात-पाय कसे चालवायचे, सगळं बघत बसायचा. भामाबाई बेजार झाली. म्हणायची, "याच्यापरीस सवत आणली असती तर बरं झालं असतं. तिनं निदान चार भांडी तरी घासली असती."

पार्टीतल्या लोकांनी ठरवलं की आता सेट घ्यायचाच, आणि निवडायचं काम लिंबाजीवर टाकलं. तोपर्यंत मामा फार थकले होते. दिसायचं कमी झालं होतं, कान मात्र शाबूत. लिंबाजीला घोर एकच होता. बापाच्या कानावर आपला ठोका पडायच्या आत बाप जायला नको.

पहिल्यांदा आम्ही नांदेडला गेलो. भामाबाईची बहीण तिथं राहते, म्हणून आम्ही दोघी पण निघालो. दुकानात शिरायच्या आधी लिंबाजीनं चपला बाहेर काढल्या. दुकानदार म्हणाला, "राहू द्या हो काका," तरी काढल्याच. आत पर्ल कंपनीचा सेट मांडला होता आणि बाजूला टामा कंपनीचा. लिंबाजी दोन्हीला फेरी मारून आला, जसं बैल घेताना बघतात तसं, आणि उभाच राहिला.

"वाजवून बघा की," दुकानदार म्हणाला.

"बसू कशावर?"

"स्टूल वेगळं घ्यावं लागतं काका. तसं घरचं कुठलंबी चालतं."

"घरचं न्हाई चालत."

दुकानदारानं आपली खुर्ची दिली. लिंबाजी बसला आणि वाजवू लागला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, पण त्याचे दोन्ही पाय पण वाजवतात हे मला त्या दिवशी कळलं. पर्लचा मोठा ढोल वाजला की माझ्या बरगडीत कळायचा. टामाचं लोखंड मात्र असलं दणकट, की लिंबाजी त्याचे स्टँडच हलवून हलवून बघत बसला. मेकॅनिक माणूस. म्हणाला, "हे टेम्पोतून पाडलं तरी टेम्पोलाच पोचा येईल." मला वाटलं झालं, घेतो आता. तर म्हणाला, "बघू. लातूरला पण बघू."

भामाबाई परतीच्या गाडीत म्हणाली, "मला बघायला आले होते तवा पाच मिनिटांत हो म्हणाले होते."

"तवा दुसरं दुकान न्हवतं," लिंबाजी म्हणाला. उदगीर येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

लातूरला उमाशंकर नावाच्या माणसाचं दुकान होतं. बोलका माणूस. त्याच्याकडं यामाहाचा सेट होता. मी नाव वाचलं आणि म्हणाले, "हे तर फटफटीवाले न्हवं?"

"मावशी, आधी बाजा, मग फटफटी," उमाशंकर म्हणाला.

"मग वाजवताना धूर नको निघाय म्हंजे झालं," भामाबाई म्हणाली.

त्या सेटजवळ एक काळं, गोल, तीन पायांचं स्टूल होतं. फिरवलं की वर-खाली व्हायचं. लिंबाजी त्यावर बसला. उठला, दोन वेढे फिरवून परत बसला. पाठ ताठ करून समोर बघितलं. असं बराच वेळ चाललं.

"काका, ड्रम घ्यायचाय का स्टूल?"

"दोन्ही. पण नीट बसल्याबिगर ड्रम कसा कळंल?"

मग वाजवलं त्यानं. पर्लसारखं बरगडीत काही झालं नाही. पण एकेक ठोका सुटा, निवडलेल्या ज्वारीसारखा. लिंबाजीनं मला हळू आवाजात गाणं म्हणायला लावलं. मला दुकानात गायची लाज वाटत होती, तरी जयंतीचं एक गाणं म्हणाले. तो वाजवत होता आणि माझा शब्द मला ऐकू येत होता.

"हाच," तो म्हणाला. "पर्लचा ढोल लई भारी हाय, जन्मभर आठवण राहील. पण आमचं गाणं बाबासाहेबांचं हाय, ढोलाचं न्हाई. शब्द कळला पाहिजे."

असा यामाहाचा सेट आला, आणि त्याच्याबरोबर ते स्टूल. पार्टीच्या खोलीला कुलूप नीट लागत नव्हतं म्हणून सेट लिंबाजीच्या घरी ठेवला. टेम्पोतून उतरवला तेव्हा मामांनी खाट उलटी फिरवली आणि पाठ करून बसले. धड दिसत नसलेल्या माणसानं पाठ करायची काय गरज होती, पण केली.

काही दिवसांनी कार्यक्रमाची सुपारी आली. मामांच्याच गावची. त्याच पाटलाच्या घरातल्या नातवाचं लग्न होतं, आणि रिसेप्शनला पार्टी हवी होती. लिंबाजी मामांच्या खाटेजवळ जाऊन उभा राहिला.

"आबा, तुमच्या गावात हाय. पाटलाकडं. स्टेजवर बसून वाजवायचंय. तुम्ही म्हणला होता बोलवायला ये. आलो."

मामा म्हणाले, "बघू." एवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी दूध आणून दारात येते तर अंगणात जळक्या पिशवीचा वास. बघते तर मामा तुराट्यांच्या जाळापुढं उकिडवे बसलेत आणि हातात सेटमधला तो छोटा, लखलखीत साइड ड्रम. त्याचं पान, म्हणजे ज्यावर काठी मारतात ते, पापडासारखं आकसून मधोमध फाटलेलं.

हलगी वाजवायच्या आधी जाळावर तापवावीच लागते. कातडं गारठ्यानं ढिलं पडतं, तापलं की ताणून आवाज देतं. हे आमच्यात लहान पोराला पण माहीत. पण ह्या ड्रमचं पान कातड्याचं नव्हतं. मामा भल्या पहाटे चाचपडत लिंबाजीच्या ओसरीवर गेले होते, आणि लेकाला पाटलाच्या गावात ढिलं वाजवायला लागू नये म्हणून तापवत बसले होते.

माझा आरडाओरडा ऐकून लिंबाजी धावत आला. त्यानं ड्रम बघितला, बापाकडं बघितलं. मला वाटलं आता हा रडणार तरी किंवा भांडणार तरी.

"आबा," तो म्हणाला, "हे कातडं न्हाई. पलास्टिक हाय."

मामांनी फाटलेल्या पानावर बोट फिरवून बघितलं. मग एकदम भडकले. "मग तोंड न्हाई का तुला? आणायच्या आधी मला इचारलं का? घरात एक वाजवणारा माणूस बसलाय, त्याला इचारायचं न्हाई आणि पलास्टिक उचलून आणायचं!"

"तुम्हीच म्हणला होता कानावर पडू देऊ नको म्हून!"

"ठोका म्हणलो होतो! खबर द्यायची न्हाई म्हणलो होतो का?"

भामाबाई पदर तोंडात घालून हसत होती. मी काय कमी हसले? हसता हसता माझ्या डोळ्याला पदर लागला तो जाळाच्या धुरानं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

लिंबाजी मिळेल त्या गाडीनं लातूरला गेला. उमाशंकरनं पान दिलं आणि विचारलं, फाटलं कसं? "बापानं तापवलं," लिंबाजी म्हणाला. उमाशंकरला काही उमगलं नाही. दुपारी लिंबाजी परत आला, नवं पान चढवलं, आणि मामांच्या हातात एक छोटी चावी दिली. "हे तापवत नसतेत आबा. कडेला खिळे हायेत, चावीनं पिळायचे." मामा ड्रम मांडीवर घेऊन बसले. एका बोटानं कडेकडेनं टिचकी मारायचे, कान लावायचे, चावी फिरवायचे. लिंबाजीनं मधी हात घातला तर त्याच्या हातावर चापट मारली. झाल्यावर म्हणाले, "मीबी येतो."

पाटलाच्या दारापुढं मोठा मंडप होता. खुर्च्याच खुर्च्या, कुणीही बसावं. आम्ही सगळे बसलो, मामा उभेच.

"मामा, बसा की."

"त्याला बसू दे आधी."

लिंबाजीनं स्टेजवर स्टूल ठेवलं, दोन वेढे फिरवलं आणि बसला. मी मामांना सांगितलं, बसला. मग मामा बसले. पहिला ठोका पडला आणि त्यांची बोटं गुडघ्यावर सुरू झाली. त्या दिवशी ती त्यांना ठाऊक होती असं मला वाटतं, कारण पूर्ण गाणं होईपर्यंत त्यांनी ती थांबवली नाहीत. पंगतीत आम्ही सगळ्यांबरोबर जेवलो. मामांनी जिलेबी मागून घेतली.

येताना टेम्पोत मामा म्हणाले, "पण एक हाय. खुर्ची त्यांनी कुठं दिली? ती तर तू घरून आणलीस."

"आपली असलेली बरी आबा. कुणी ओढून घेत न्हाई."

"हं," मामा म्हणाले, आणि लिंबाजीनं चावी मागितली तर दिली नाही.

तेव्हापासून चावी मामांकडं. कार्यक्रम असला की लिंबाजी ड्रम घेऊन आमच्याकडं यायचा, मामा पिळून द्यायचे. मामा गेल्यावर मी चावी घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याला अडकवली. वाटलं, आता हा घेऊन जाईल. नाही नेली. कार्यक्रमाच्या आधी यायचा, आमच्याच ओसरीवर बसून ड्रम पिळायचा, चावी बरोबर न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणून लावायचा. भामाबाई म्हणायची, "एवढीशी चावी, घरी ठेवायला जागा न्हाई व्हय?" तो म्हणायचा, "जिम्मा थोरल्या घरचा हाय."

लिंबाजी परवाच्या उन्हाळ्यात गेला. झोपेतच गेला, कुणाला पाणी मागितलं नाही की काही नाही. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो आला होता. हिमायतनगरला कार्यक्रम करून रात्रभर टेम्पोत बसून आला होता, डोळे लाल. चपला बाहेर काढल्या, आत आला, खिशातून चावी काढून सदऱ्याला पुसली आणि खिळ्याला अडकवली.

"कसा झाला?" मी विचारलं.

"शब्द कळले म्हणले लोक."

मी चहा दिला. साखर कमी पडली म्हणाला, म्हणून अजून घातली. बशीत ओतून प्याला, कप मोरीत ठेवला.

"वैनी, चावी लावली बरं का."

"हाव, बघितलं," मी म्हणाले, आणि तो गेला.